चित्रातल्या माणसाला आधी दाखवा

प्रा. गुरुनाथ हत्तरगी सरांची पहिली भेट महाविद्यालयाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत झाली. तिथं कलामंडळ भरायचं. मी पहिल्या वर्षाला होते आणि दारातच घुटमळत होते. सरांनी नाव विचारलं नाही. पेन्सिल पुढे करून म्हणाले, "टोक काढता येतं ना? मग ये आत."

सर शिकवत अर्थशास्त्र. कलामंडळ ही त्यांची हौस. त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही भेंडी-वांगी रेखाटली, आणि ती वांगी संध्याकाळी शिपाईमामांच्या घरी गेली. दिवाळीनंतर माणसं काढायला घेतली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत जाऊन पाळणे आणि गर्दी. फेब्रुवारीत प्रदर्शन.

सरांचा नियम एकच होता. ज्याचं चित्र काढलं त्याला ते आधी दाखवायचं. त्यानं हो म्हटलं तरच भिंतीवर लावायचं. प्राचार्यांना स्वतःचं नाक पसंत पडलं नाही, तेव्हा सरांनी वाद न घालता ते चित्र कपाटात ठेवलं.

मी आईचं चित्र काढलं. उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप. आई विड्या वळायची, हे वर्गात मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून सुपात पानं-तंबाखूऐवजी मोगऱ्याच्या कळ्या काढल्या. सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. हात छान जमलेत, एवढंच म्हणाले आणि आईंना घेऊन यायला सांगितलं. आईला सवड नाही, असं मी दोन आठवडे सांगत राहिले. भिंतीवर माझी जागा रिकामीच होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या घरी आले. आईनं हातातलं काम न थांबवता पाहिलं.

"बोटं माझीच हायेत की," ती म्हणाली. "पण गजरा असा कुटं करतात? ही बोटं तर विडी वळायलीत." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "लाज वाटली व्हय गं?"

मला मान वर करता येईना. चित्र लावायचं की नाही ते तुम्हीच सांगा, असं सर आईला म्हणाले.

"फुलं पुसू दे तिला. मग लावा."

सरांनी खिशातून रबर काढून माझ्यापुढे ठेवलं. मी आईशेजारी बसून पानं काढत होते, तोवर सर तिच्याकडून विडी वळायला शिकत होते. त्यांची विडी दर वेळी सुटायची. "सर, कारखान्यात ही फेकून देतील बघा," आई म्हणाली, आणि तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात चित्रापुढे उभं राहून मैत्रिणींनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, "माझी आई. विड्या वळते." हे वाक्य तोंडातून निघायला माझं सगळं वर्ष लागलं होतं. सरांनी ते बोलायला मला एकदाही सांगितलं नव्हतं.

आज मी लिहिते. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवते. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिलेला हा लेखही त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन विशेषणं खोडायला लावली, आईची चौकशी केली आणि मग हो म्हणाले.

सर, पंचाहत्तरीनंतरही तुमची तब्येत ठणठणीत राहो, आणि खिशातलं ते रबर अजून पुष्कळ वर्षं आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडो.