माझ्या मीटरवरचा पंप

आमच्या फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली, तरी आबा माझी पिशवी हातातून सोडेनात. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, चढायचं हाय का न्हाय?" तेव्हा आबा घाईघाईनं म्हणाले, "दत्तू, तितं आपली पोरगी दिलीया. आपण मुलीकडचं. कुणी काय बोललं तर ऐकून घ्यायचं." आईनं नुसतं पदरानं तोंड पुसलं. कागल ओलांडून कोल्हापुरात शिरायला तासभरही लागला नाही. मला वाटलं, एवढं जवळ म्हणजे काही घर सोडणं नव्हे. केवढा मी शहाणा!

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. मोटर वाइंडिंगच्या दुकानात मला काम मिळालं होतं. जळलेली मोटर उघडायची, जुनी तार उपसायची, नवी भरायची. राहायची सोयही झाली. माझी थोरली बहीण, अक्का, शहरातच दिलेली. तिच्या सासऱ्यांना मीही मामाच म्हणायचो. त्यांच्या घराची माडी रिकामी होती, ती त्यांनी मला भाड्यानं दिली. भाडं बाहेरच्याकडून घेतात तेवढंच. बहिणीच्या सासरी फुकट राहू नये हे मलाही पटत होतं, त्यामुळं त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं ते लाइटीबद्दल. जिन्यात मामांनी माझ्यासाठी वेगळं मीटर बसवलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लाइटीचे पैसे आगाऊ द्यायचे, मामा ठरवतील त्या दरानं. तेवढे युनिट जळले की मामा सोप्यातलं बटण खाली ओढायचे आणि माडीवर अंधार. कधी स्वतः उठायचा कंटाळा आला की अक्काला सांगायचे. मग जिन्यातून तिचा बारीक आवाज यायचा, "दत्तू, बंद करतीया रं." वीज मंडळ मामांकडून वापरून झाल्यावर पैसे मागायचं, मामा माझ्याकडून आधीच घ्यायचे, तेही चढ्या भावानं. ज्याच्याकडं कमी त्यानंच आधी द्यायचं आणि जास्त द्यायचं, हा कुठला न्याय, असं मला तेव्हाही वाटायचं. पण आपण मुलीकडचे.

एका खोलीत एक दिवा आणि एक रेडिओ, एवढ्यावर महिन्याचे पैसे पंधरा-वीस दिवसांत कसे संपतात? दिवसभर विजेशीच झटापट करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला सहा महिने लागले, यावरून माझी हुशारी ओळखा. एका रविवारी सकाळी मी माझ्या खोलीचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि मीटरसमोर उभा राहिलो. चकती गरागरा फिरत होती. परसातल्या विहिरीवरचा पंप चालू होता. पंप थांबला, चकतीही थांबली. मामांच्या सगळ्या घराचं पाणी माझ्या मीटरवर चढत होतं.

माझं डोकं फिरलं. तसाच खाली गेलो. "मामा, हे मीटर माझ्या खोलीचं न्हाय, तुमच्या पंपाचं फिरतंय."

मामा चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "व्हय? मग काढ की वायर. कारागीर तूच हाईस." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, ऐकलंस का? तुझा भाऊ आमास्नी चोर म्हणतोय."

मी वायर काढली. ताठ मानेनं काढली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाच्या करकरीनं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर अक्का विहिरीवर. घागरीमागून घागर शेंदत होती. घरात खाणारी तोंडं नऊ, त्यांच्या आंघोळी, धुणं, भांडी, शिवाय दोन म्हशी. मामा कट्ट्यावर दात घासत बसले होते. मला ऐकू जाईल अशा बेतानं ते शेजाऱ्याला म्हणाले, "पंप बंद हाय. तिच्या भावाला परवडंना."

तिसऱ्या दिवशी जिन्यात अक्का भेटली. तिच्या तळहातावर दोराचे लाल वळ उठले होते. मी पक्कड घ्यायला वळलो तर ती म्हणाली, "जोडू नगंस. चार दिस वडलं की हातास्नी सवय हुती. तू खरं बोललाईस." तिच्या सासरच्या घरात माझ्या बाजूनं बोललेलं ते एकच माणूस, आणि त्याची शिक्षाही तिलाच.

चौथ्या दिवशी मी वायर होती तशी जोडली. सांधा पक्का पिळला, वरून चिकटपट्टी सुबक गुंडाळली. दुकानात गिऱ्हाइकाचं कामही मी इतकं मन लावून केलं नसेल. पंप सुरू झाला. खालून मामा म्हणाले, "आता कसं!" मला रडू आलं, रागानं आलं.

दुसरीकडं खोली बघावी तर, बहिणीच्या घरी भावाला काय कमी पडलं, असं भावकी विचारणार, आणि त्याचं उत्तर द्यायला अक्का खालीच सापडणार. म्हणून आणखी तीन वर्षं राहिलो. आबांच्या पत्राला उत्तर लिहायचो, सगळं झकास आहे. पुढं पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा कुणाला काही बोलायला जागा उरली नाही. मामांनी नारळ देऊन निरोप दिला.

आता इथं पिंपरीत माझं घर आहे. बिल माझ्या नावानं येतं, वापरून झाल्यावर येतं. जत्रेला गावी आलो की तुम्ही गावची माणसं विचारता, "घरला कवा आलास?" आणि इथून निघताना शेजारी म्हणतात, घरी कधी परत येणार? माझ्यासारखे जे बाहेर पडले त्या सगळ्यांचं असंच होत असणार. दोन्ही घरांना मी हो म्हणतो. कोल्हापूरच्या त्या माडीला मात्र मी कधी घर म्हटलं नाही. मी तिथं भाडेकरू होतो, म्हणून तर एक दिवस वळकटी बांधून निघता आलं. अक्का घरचीच होती.