सरजाबाईंचा काचेचा हौद

बांधकामावर राबणाऱ्या बाईच्या घरात रंगीत मासे पोहतात म्हटलं की तुमच्या भुवया वर का जातात हो? मासे काय फक्त डॉक्टरच्या दवाखान्यातच शोभतात?

बोरीच्या सरजाबाईंची उमर दुसऱ्यांचे हौद बांधण्यात गेली. थापी नवऱ्याच्या, आश्रुबा मिस्त्रीच्या हातात; माल कालवणं, विटा वाहणं यांच्याकडं. ज्यांचे हौद बांधले, त्यातल्याच काहींनी यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं. तेव्हा पाण्याचं सरजाबाईंना कुणी शिकवू नये.

जिंतूरला एका बंगल्याची दुरुस्ती चालली होती. अडगळीतून माशांची काचेची पेटी निघाली. मालक म्हणाला, "गळकी आहे, फेकून द्या." सरजाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पेटी, आणि थेट बसस्टँड गाठलं.

"मावशी, याचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला.

"फाड की. पर मंग सीट बी दे तिला. खिडकीची."

सगळी एसटी हसली. कंडक्टरही हसला. पेटी सरजाबाईंच्या मांडीवर बसून फुकटात बोरीला आली.

घरी पाणी भरलं, तर कोपऱ्यातून धार. शेजारची कासाबाई शेळ्या घेऊन दारातच उभी होती.

"सरजे, मला दे ती. शेळ्यांना मका टाकीन. मक्याला काय गळती?"

"काचंत तोंड बघत बसत्याल तुझ्या शेळ्या, दूध द्यायचं इसरून!"

"बघू दे की. तुझ्यापेक्षा देखण्या हायती."

सरजाबाईंचं डोकं सणकलं. "येत्या बाजारापस्तोर गळायची थांबली न्हाई, तर तुझी! जा, सांग साऱ्या गल्लीला!"

कासाबाईनं खरंच साऱ्या गल्लीला सांगितलं.

आश्रुबांनी हार्डवेअरच्या दुकानातून फटी बुजवायला माशांच्या पेटीला चालणाऱ्या सिलिकॉनची नळी आणली आणि जुन्या थरावरच नवा थर झोकात ओढला. घरभर आंबूस वास सुटला. कासाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "लोणचं घातलं का गं?" इकडं आश्रुबा चहा प्यायला बाहेर पडले, आणि सरजाबाईंनी जन्मभर केलं तेच केलं. नवं काम झालं की त्यावर पाणी मारायचं! तांब्या-तांब्यानं पाणी मारलं, वर ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि जीव लावून ते दिवसभर भिजत ठेवलं.

संध्याकाळी गोणपाट उचललं, तर सिलिकॉन दुधावरच्या सायीसारखं अख्खं वर आलं.

"अगं, ती काय स्लॅब हाय का?" आश्रुबांनी कपाळाला हात लावला.

"आन् तुमी जुन्यावरच नवं थापलंत ते? पडक्या गिलाव्यावर गिलावा करता का कधी?"

दोघंही बरोबर होते, म्हणून भांडण लांबलं. शेवटी सून साक्षीनं नळीवरचं बारीक छापील वाचून दाखवलं. जुनं सगळं खरवडायचं, काच कोरडी करायची, आणि भरल्यावर हात लावायचा नाही. हवेतला ओलावा ओढून ते आपोआप घट्ट होतं.

"हवेतला ओलावा?" सरजाबाई ताडकन उठल्या. "म्हंजे माझं गोणपाट अगदीच वाया न्हाई!"

"आत्या, पेटीवर नको हो. खिडकीला लावा."

गोणपाट भिजून खिडकीला गेलं. ब्लेडनं कानाकोपरा खरवडून निघाला, स्पिरिटच्या बोळ्यानं काच लखलखली. फटीच्या दोन्ही अंगांना कागदी चिकटपट्टी लावून आश्रुबांनी सिलिकॉन भरलं, आणि सरजाबाईंनी एका दमात, न थांबता, त्यावरून बोट ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःच्या घरासाठी हौद लिंपत होत्या. चिकटपट्टी सुटली तशी मागं सरळसोट रेघ राहिली. मग दिवस गेले ते पेटी राखण्यात. तांब्याकडं हात गेला की घरातून आवाज यायचा, "आत्या!"

बाजाराच्या दिवशी गल्ली दारात जमली. पेटीखाली कोरडा पेपर अंथरला. पाणी चढत गेलं. कासाबाई गुडघ्यावर बसून कोपरे न्याहाळत होती. एकाएकी ती ओरडली, "भिजलं! पेपर भिजला!"

सरजाबाईंनी पेपरावर बोट टेकवलं, ओल कुठून आली त्याचा माग काढत गेल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"कासे, तुझी शेळी लाळ गाळायली! धर तिला आधी!"

असं हसू उसळलं की शेळीच बिथरून पळाली. पेपर बदलला. दुपार कलली, नवा पेपर कोरडाच. बाजार उठला, तरीही कोरडा. कासाबाईनं उठून सरजाबाईंच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलीस गं भवाने!"

पेटी धुऊन सरजाबाईंनी ताजं पाणी भरलं आणि परभणीहून आणलेले लाल मासे सोडले. माशांनी शेपट्या हलवल्या तशा त्या लेकरागत टाळ्या पिटायला लागल्या.

आता कासाबाई रोज शेळ्या बांधून येते आणि त्या पेटीसमोर बसते. परवा हळूच म्हणाली, "सरजे, मला बी एक पायजे. शेळ्यांना न्हाई गं. मला."

आश्रुबांनी नवी नळी आणून ठेवली आहे, सरजाबाईंचं बोट तयार आहे. अडलंय ते पेटीपाशी. तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्या माळ्यावर गळकी काचेची पेटी धूळ खात असेल, तर भंगारात घालू नका. बोरीला आमच्या कासाबाईला आणून द्या. एसटीनं आणलीत, तर पेटीसाठी खिडकीची सीट तेवढी मागून घ्या.