सव्वीस तारखांची कादंबरी

पेटीतलं अकरावं पुस्तक उलटून मी तारीखपट्टी बघितली आणि पुन्हा तेच दिसलं. शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर. ‘यातला मुलगा शेवटी मुंबईला जातो. सगळ्या पुस्तकांत जातात. मागे राहिलेली बहीण कधी मोठी झाली ते लेखकाने बघितलंच नाही.’

तारीखपट्टी म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला कागद. पुस्तक नेलं की ग्रंथपाल त्यावर तारखेचा शिक्का मारतो. वर्षअखेरीला आम्ही त्या पट्ट्या बघतो. ज्या पुस्तकावर पाच वर्षांत एकही तारीख नाही ते ‘बाद’ होतं, म्हणजे नोंदवहीतून त्याचं नाव कमी होऊन ते रद्दीत जातं. पट्टी हा पुस्तकाच्या जिवाचा दाखला असतो. तिच्यावर वाचकाने लिहायचं नसतं.

मी शहापूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. तेवीस वर्षं झाली. आमच्याकडून दर पंधरा दिवसांनी पंचवीस पुस्तकांची एक पत्र्याची पेटी एसटीने डोळखांबकडच्या एका मुलींच्या आश्रमशाळेत जाते. पुस्तकं बहुतेक किशोर कादंबऱ्या. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या, मूल मोठं कसं होतं ते सांगणाऱ्या. तिथले शिक्षक दर वर्षी बदलतात, म्हणून पेटीचं कार्ड शाळेच्या स्वयंपाकीण बाईंच्या नावावर होतं. सुगंधा मुकणे. वय चाळिशीच्या आसपास.

पुढच्या बुधवारी त्या पेटी न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, “सुगंधाबाई, पट्टीवर कोण लिहितं?”

“मीच लिवते सर. राग आला का?”

“नियम आहे. आठवा नियम. पुस्तकावर लिहिलं तर सभासदत्व रद्द होतं.”

“मंग कुठं लिवू? वाचून झालं की पोटात राहत नाय. पोरींना सांगते, तर त्या बोलतात मावशी, आधी भाजी बघ, करपतेय.”

मी हसलो. टेबलाच्या खणातली एक दोनशे पानी वही काढून त्यांना दिली. “यात लिहा. पेटीबरोबर पाठवत जा. आम्हीही वाचू.” माझ्या आयुष्यात मी स्वतःहून केलेल्या चांगल्या गोष्टी थोड्या आहेत. ही त्यातली एक. ती मीच मोडली, म्हणून हे लिहितोय.

पेटी परत आली की पुढची पेटी जाईपर्यंत वही काउंटरवर राहू लागली. दर वेळी तिच्यात आठ-दहा नवे अभिप्राय असायचे. सुगंधाबाई सातवीपर्यंत त्याच आश्रमशाळेत शिकलेल्या. आठवीच्या वर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेल्या आणि शाळेत परत आल्या त्या वीस वर्षांनी, भात शिजवायला. त्या एका कादंबरीबद्दल लिहीत: ‘मुलगी हट्ट करते, रडते, दार लावून घेते. तीन पानं. तिच्या घरात दार लावून घ्यायला वेगळी खोली आहे. आमच्या मुली हे पान वाचताना हसल्या.’ दुसऱ्या एकीबद्दल: ‘पहिलं प्रेम छान आहे. पण मुलाला भूक एकदाही लागली नाही.’

एवढंच. दोन-तीन ओळी.

आता माझं सांगतो. अकरा वर्षं मी दारातल्या फळ्यावर ‘या महिन्याची शिफारस’ लावत होतो. टाइप करून, समास सोडून. ती थांबून वाचणारा माणूस मी पाहिला नाही. आणि ही वही काउंटरवर आल्यापासून कॉलेजच्या मुली आधी वही उघडायच्या, मग पुस्तक मागायच्या. भातसानगरहून येणारे एक निवृत्त इंजिनिअर तर म्हणाले, “निमसे, किशोर कादंबरी वाचायचं माझं वय नाही, पण या बाईंनी लिहिलंय म्हणून नेतो.”

मी शिक्का मारला. जरा जोरातच.

वाईट याचं वाटायचं की ती वाक्यं साधी होती. मला सुचायला हवी होती. ती पुस्तकं तेवीस वर्षं माझ्याच हातून जात होती. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मी वही काढून वाचायचो आणि मनात तिची वाक्यं माझ्या भाषेत फिरवून बघायचो. फिरवली की ती मरायची.

त्यात आमचे अध्यक्ष भोईर साहेब एक दिवस वही चाळत बसले. धरणाच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ.

“निमसे, यंदा किशोर विभागाची खरेदी आहे ना? यादी या बाईंकडून घ्या.”

“साहेब, ग्रंथनिवड हे ग्रंथपालाचं काम आहे.”

“तुम्ही पुस्तकं सांभाळता. ती वाचते. फरक आहे.” चहा पिऊन ते गेले. माझा चहा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट तेव्हा कोणाला माहीत नव्हती. त्या विभागात माझीही एक कादंबरी आहे. ‘दिनूचं सोळावं वर्ष’. चौदा वर्षांपूर्वी मी ती मुरबाडच्या एका लहान छापखान्यात छापून घेतली. दिनू मुरबाडजवळच्या खेड्यातला. सोळाव्या वर्षी त्याची आई जाते, तो एकटा पुण्याला जातो, शिकतो, मोठा होतो. वाचनालयात तिची एक प्रत आहे. ती कोणी नेत नव्हतं. पाच वर्षं भरत आली तेव्हा मी एक खोटी तारीख मारली. बाद होऊ नये म्हणून एकच. पण एक तारीख फार एकटी दिसते. मग दुसरी मारली. गर्दी असलेल्या दिवशी, दहा पुस्तकांत एक, असं करत पट्टी भरली. सव्वीस तारखा.

भाद्रपदातल्या एका बुधवारी सुगंधाबाईंनी ते पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटातून काढलं.

“सर, हे तुमी लिवलंय? बोलला नाय कधी!”

“जुनं आहे. राहू द्या ते.”

“असं कसं? एवढ्या लोकांनी नेलंय,” पट्टीवर बोट फिरवत त्या म्हणाल्या. पुस्तक पेटीत गेलं.

पंधरा दिवस मी त्या वहीची वाट बघितली. खरं सांगतो, मला कौतुक हवं होतं. तिच्याकडून हवं होतं, कारण तिचं कौतुक खरं असतं हे मला ठाऊक झालं होतं.

वही आली. उजव्या पानावर तळाशी लिहिलं होतं: ‘पट्टीवर सव्वीस तारखा आहेत. पण मधली पानं वरून जोडलेली होती, छापखान्यात कापायची राहिलेली. मी सुरीने सोडवली. म्हणजे सव्वीस जणांनी नेलं पण कोणीच अठ्ठेचाळीसाव्या पानाच्या पुढे गेलं नाही. दिनूची आई एकतिसाव्या पानावर मरते. ती आजारी वगैरे नव्हती. लेखकाला तिची अडचण होत होती.’

मी वही मिटली.

ती प्रत मी स्वतः कधी उघडून बघितली नव्हती. पण ते जाऊ दे. ‘अडचण’ हा शब्द लागला. माझी आई गेली ती चार वर्षांपूर्वी, ऐंशी वर्षांची होऊन. कादंबरी आली तेव्हा ती धडधाकट होती, मुरबाडच्या स्टँडवर करवंदं विकत होती. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात घेऊन तिने विचारलं होतं, “माझ्यावर काय लिवलंस रे?” मी म्हणालो, “आहेस की तू.” तिने पुस्तक कपाळाला लावलं. एकतिसाव्या पानाचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

आणि हे एका स्वयंपाकीण बाईला पंधरा दिवसांत दिसलं होतं.

त्याच दुपारी मी वही माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पेन्सिलीने लिहिलेली ती जुनी पुस्तकं शोधून काढली, पट्ट्यांचे फोटो काढले आणि कार्यकारिणीच्या सभेपुढे अर्ज ठेवला. नियम आठ. ग्रंथांचं विद्रूपीकरण. भोईर साहेबांनी दोनदा विचारलं, “वहीत लिहायला लागल्यावर पुस्तकावर लिहिलंय का?” मी म्हणालो, “तसं सांगता येणार नाही.” सांगता येत होतं. एकदाही लिहिलं नव्हतं. कार्ड बंद झालं. पेटी त्याच कार्डावर होती, म्हणून पेटीही बंद झाली.

सुगंधाबाई शेवटची पेटी परत करायला आल्या. पंचवीस पुस्तकं स्वतः मोजून टेबलावर ठेवली.

“सर, माझं कार्ड बंद करा. पेटी कशाला? पोरींनी काय लिवलं?”

“कार्डावरच पेटी असते.”

“मंग शाळेतल्या बाईंच्या नावावर करा, नायतर शिपायाच्या.”

“अर्ज करावा लागेल. सभेत ठेवावा लागेल.”

त्या म्हणाल्या, “वही तरी द्या. ती माझी हाय ना?”

“वही संस्थेची आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि रिकाम्या हातांनी स्टँडकडे गेल्या.

दोन महिने गेले. काउंटरवर येऊन लोक विचारायचे, वही कुठे? मी सांगायचो, बाइंडिंगला दिलीय. मध्ये दिवाळी झाली. एका दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. मी कपाट उघडून वही काढली. ते पान मला पाठ होतं, तरी उघडलं. आणि पहिल्यांदाच ते पान उलटलं.

अभिप्राय मागच्या पानावर पुढे चालू होता.

‘पण तिसरं प्रकरण फार चांगलं आहे. आई पहाटे करवंदं काढायला जाते, काटे लागतात, स्टँडवर बसते आणि मुलगा मित्रांबरोबर असला की तिला ओळख दाखवत नाही. हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. आमच्या मुली हे वाचून गप्प बसल्या. सुरेखा बोलली, मावशी, मी पण असंच केलंय. लेखकाला आई लिहिता येते. मग मारली का? पुस्तक ठेवावं. यादीत घ्यावं.’

खाली तिने पेटीसाठी मागितलेली यादी होती. पहिलं नाव माझ्या कादंबरीचं.

चौदा वर्षांत माझ्या पुस्तकाला मिळालेला तो एकमेव खरा वाचक होता. त्याचं कार्ड मी बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी भोईर साहेबांसमोर वही आणि कादंबरी ठेवली.

“हे शिक्के कोणी मारले?” पट्टी बघून त्यांनी विचारलं.

“मीच.”

“सगळे?”

“दोन सोडून सगळे.”

“बाकीच्या पुस्तकांवर?”

“नाही साहेब. एवढ्यावरच.”

त्यांनी पट्टीवरच्या दोन-चार तारखा कॅलेंडरशी ताडून बघितल्या. “बरं, निदान रविवार वगळून मारलेत,” म्हणाले. मग चष्मा काढला. “तुमचा हेवा मला कळतो, निमसे. चाळीस पोरींच्या हातातली पुस्तकं काढून घेतलीत, ते कळत नाही.”

मला लेखी ताकीद मिळाली. तारखेचा शिक्का माझ्याकडून काढून सहायक बाईंकडे दिला गेला. कार्ड चालू झालं, पेटी चालू झाली. आणि माझी कादंबरी बाद झाली; खोट्या तारखा काढल्या तर नियमाप्रमाणे ती नऊ वर्षांपूर्वीच बाद व्हायला हवी होती. खऱ्या तारखा दोनच निघाल्या. एक मी कादंबरी दाखल केली त्या वर्षीची, माझ्या मेव्हण्याची. दुसरी सुगंधाबाईंची.

पेटी मी स्वतः घेऊन गेलो. डोळखांबच्या एसटीत मांडीवर धरून. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. शिक्के, अर्ज, न उलटलेलं पान. त्यांचा हात सुपावर चालूच होता.

“माफ करा,” मी म्हणालो.

“मला काय, मी डब्याला गुंडाळलेला पेपर पण वाचते,” त्या म्हणाल्या. “सुरेखा अर्ध्यात होती. तो बोटीवाला मुलगा असतो बघा, त्या पुस्तकाच्या. पेटी गेली नि राहिलं. दिवाळी झाली, घरची भट्टीवर निघाली, ती पण गेली. जाताना मला बोलली, मावशी, शेवट काय होतो? मला पण म्हायत नाय. मी काय सांगू?”

मला तो शेवट माहीत होता. तिथे सांगून उपयोग नव्हता.

निघताना मी ‘बाद’चा लाल शिक्का मारलेली कादंबरी त्यांच्यासमोर ठेवली. “रद्दीत जाणार आहे. तुम्हाला हवी तर...”

त्यांनी भाजीची सुरी घेतली, पुस्तक उभं धरलं आणि तिसरं प्रकरण शिवणीपासून कापून काढलं. सोळा पानं. ग्रंथपाल म्हणून मला ते बघवत नव्हतं, लेखक म्हणूनही. पोत्याला मारायच्या दाभणाने त्यांनी पानं शिवली, वर एका जुन्या वहीचा पुठ्ठा लावला. “हे पेटीत ठेवा. बाकीचं चुलीला चालंल.”

ते सोळा पानी पुस्तक आता आमच्या दाखल नोंदवहीत आहे, नव्या क्रमांकाने. त्याच्या पट्टीवर नऊ तारखा पडल्या आहेत. शिक्का माझ्याकडे नाही, त्यामुळे त्या खऱ्या आहेत. बोटीवाल्या मुलाचं पुस्तक प्रत्येक पेटीत पहिलं जातं. त्याच्यावर अजून सुरेखाची तारीख नाही.

वही पुन्हा काउंटरवर आहे. बुधवारी पेटी आली की ती आधी मीच उघडतो. वाक्यं अजूनही मला न सुचलेलीच असतात. फरक इतकाच पडला आहे की आता मी पान संपलं की उलटून बघतो. नव्या सहायकांना काम शिकवतानाही तेवढंच सांगतो: पट्टीवरच्या तारखा मोजू नका, आधी पानं सुटी आहेत का ते बघा.