मामांची उदबत्ती
उदबत्तीचा वास आला की नागावकडच्या एका बागायतदार संघाचं ऑफिस आठवतं. तिथल्या चार कॉम्प्युटरना मी एक प्रिंटर जोडून दिला होता, पण शिपाईमामा रजेवर असले की तो कुठल्याच कॉम्प्युटरला सापडत नसे. हे काय गौडबंगाल, म्हणून एकदा मामांच्या आधीच जाऊन बसलो. त्यांनी प्रिंटर चालू केला, उदबत्ती ओवाळली, मगच कॉम्प्युटर लावले. "आधी त्याला का, मामा?" "नवा हाय ना, पयला मान त्याचा." तेव्हा उमगलं, की जो आधी चालू होईल त्याला नेटवर्क पहिला नंबर देत होतं आणि सगळे कॉम्प्युटर प्रिंटरला त्याच नंबरावर शोधत होते. मामा नसले की आधी लावलेला एखादा कॉम्प्युटरच तो नंबर पटकावत असे. माझी चूक मामांची उदबत्ती रोज सांभाळून घेत होती. मी गुपचूप प्रिंटरचा नंबर कायमचा पक्का केला. आजही कुठे गेलो तरी आधी प्रिंटरच चालू करतो.