सतराने भागल्यावर
मावशीच्या शिलाई मशीनवर ७२०७२० हा आकडा कोरलेला होता. गणित शिकवणारा भाचा एकदा तो बघून हरखला. "मावशी, भलताच गुणी आकडा आहे हा! एकपासून सोळापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य."

दिराची विजार, नणंदेचे पडदे, शेजारणीच्या उशा, सगळं मावशीकडे फुकटात शिवायला यायचं. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून कधी फुटलाच नव्हता.

"म्हणजे हा मेला माझाच भाऊबंद," ती फणकारली. "सगळ्यांना वाटून मोकळा. आणि सतराने भागलं तर?"

भाच्याने आकडेमोड केली. "सतराने भाग जात नाही. पाच उरतात."

इतक्यात थोरली जाऊ उसवलेली गोधडी घेऊन दारात आली. मावशीने मशीनवर झाकण घातलं.

"जाऊबाई, तुमचा नंबर सतरावा. आता जे उरलंय, ते माझं."