शाळेचं घड्याळ मागे पडलं तेव्हा

नव्वद सालानंतरची गोष्ट. कर्जत तालुक्यातल्या एका गावी मी हायस्कूलमध्ये शिकवायला लागले. पहिलीच नोकरी. ऑफिसच्या भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ होतं. आम्हा शिक्षकांच्या मनगटावरची घड्याळं एकमेकांशी कधी जुळत नसत, म्हणून घंटा व्हायची ती भिंतीवरच्या घड्याळानुसार.

दिवाळीच्या सुट्टीत भिंतींना चुना लावला. रंगाऱ्यांनी घड्याळ उतरवलं, लंबक काढून ठेवला आणि काम झाल्यावर पुन्हा अडकवला. तेव्हापासून ते रोज थोडं मागे पडू लागलं. शिपाई सकाळी काटे पुढे सारून वेळ भागवायचा. पण तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला आणि काट्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. त्याच आठवड्यात एकदा शाळा उशिरा सुटली आणि लांबच्या वस्तीवरून येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीची शेवटची एसटी चुकली. अंधारातून एकटी चालत ती घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांनी आवाज चढवला नाही. दारातच उभं राहून मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, ते मला बी कळतं. पन असं न्हाई चालायचं. आता तिला धाडनार न्हाई."

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

"काटे पुढे करून टाकू की," एक सर म्हणाले.

"त्यानं आजची वेळ बरोबर होईल. घड्याळाची चाल नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग मला म्हणाल्या, "आमच्या घरी असंच घड्याळ होतं. यजमान सुट्टीच्या दिवशी त्याच्याशी खटपट करत बसायचे. मी स्वयंपाकघरातून बघायची. कधी हात लावला नाही. तुम्ही थांबाल का माझ्यासोबत?"

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ऑफिसात थांबलो. बाईंनी डोळे मिटून टिकटिक ऐकली. एक ठोका लवकर पडत होता, पुढचा रेंगाळत होता, लंगडत चालल्यासारखा. घड्याळ भिंतीवर तिरकं बसलं होतं. दोऱ्याला दगड बांधून मी ओळंबा धरला आणि बाईंनी घड्याळ हळूहळू सरळ केलं. ठोके सारख्या अंतरानं पडू लागले, तशा त्या हसल्या.

चाल मात्र अजून मंदच होती. लंबकाच्या तबकडीखाली एक बारीक चाकी असते. ती फिरवून तबकडी वर घेतली की लंबक आखूड होतो आणि घड्याळ जलद चालतं. खाली सोडली की मंदावतं. रंगाऱ्यांच्या हातून तीच चाकी फिरली असणार. बाईंनी ती जराशी फिरवली. मला आणखी फिरवावीशी वाटत होती.

"नको. उद्यापर्यंत थांबायचं," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा फिरवण्याचा परिणाम दिसायला अख्खा दिवस जावा लागतो."

त्या घरून ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागल्या. दुपारच्या बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजत. शेवटच्या ठोक्याला मी टेबलावर टिचकी मारायची आणि बाई काटा बघायच्या. कालच्यापेक्षा किती मागे? मग काटे जुळवून चाकी आणखी थोडी वर. एकदा ते उलट पुढे धावायला लागलं, तेव्हा पुन्हा थोडी खाली. तिकडे ती मुलगी घरी बसली होती आणि आम्ही इथे दिवसाला एकदा चाकी फिरवत होतो!

रविवारी आम्ही दोघी तिच्या वस्तीवर गेलो. वडिलांनी बाज टाकली, चहा मांडायला सांगितलं आणि विचारलं, "घड्याळ झालं का नीट?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "अजून नाही. बरंच जवळ आलंय. नीट झालं असं मी तुम्हाला आज सांगणार नाही."

चूल फुंकता फुंकता मुलगी थांबली.

"मंग?" वडिलांनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी शाळेत या. स्वतः बघा. पटलं तर पाठवा."

शनिवारी ते खरंच आले. दुपारी ट्रान्झिस्टर लावला. ठोके सुरू झाले तसे ते खुर्चीवरून उठून घड्याळासमोर जाऊन उभे राहिले. शेवटचा ठोका पडला आणि मिनिटाचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता. बाईंनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

"कालपासून हात लावला न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस लावलेला नाही."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि गेले.

सोमवारी मुलगी वर्गात होती. मधल्या दिवसांचा अभ्यास मैत्रिणीच्या वहीतून उतरवत होती. संध्याकाळी घंटा झाल्यावर ती दप्तर सावरत फाट्याकडे पळाली. मोठ्या बाई आणि मी व्हरांड्यात उभ्या राहिलो. गाडी आली, थांबली, निघाली. फाट्यावर कुणीच उरलं नव्हतं.

"बसली," बाई म्हणाल्या, आणि मग आम्ही ऑफिसला कुलूप लावलं.