थोरलीचा निकाल

थोरलीला कुणी विचारलं, की शनिवारी काय करता हो तुम्ही, तर ती मान ताठ करून सांगायची, "न्याय करते." आणि यात थट्टा नव्हती बरं का. सोमवार ते शुक्रवार ती कोर्टात स्टेनो. वकील बोलणार, साहेब बोलणार, साक्षीदार रडणार, आणि ही खाली मान घालून सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणार. बावीस वर्षांत कुणी चुकूनसुद्धा म्हटलं नाही, की बाई, तुम्हाला काय वाटतं? शनिवारी मात्र हायस्कूलच्या वादविवाद स्पर्धेत ती परीक्षक. मानधन नाही. एक कप चहा आणि छातीवर लावायला एक बिल्ला. पण तिथे दोन पोरं घसा फोडून भांडायची आणि मग श्वास रोखून हिच्या तोंडाकडे बघायची. बाकी जगात तिच्या तोंडाकडे असं कुणी कधी बघितलं असेल तर शपथ!

आणि अशा जागी तिने स्वतःच्या हाताने आपल्या धाकट्या बहिणीला आणून बसवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

झालं असं, की स्पर्धा घेणाऱ्या बाईंचा फोन आला. "दोन पालक ऐन वेळी फिरले हो. परीक्षक कमी पडतायत. कुणीतरी आणा, कान शाबूत असले तरी पुरे." धाकटी नेमकी समोर पाय पसरून बसलेली. तिने फोनमधलं सगळं ऐकलं.

"मी येते की ताई!"

"तुझं पार्लर?"

"मुली सांभाळतात. मला जरा बदल होईल गं."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं कारण होतं, पण ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. धाकटी जिथे जाईल तिथे लोक तिचेच होऊन जायचे. लहानपणी पाहुणे दोघींना खाऊ आणायचे, पण मांडीवर धाकटीलाच घ्यायचे. तेही सोडा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा वर्षं थोरलीने केलं. औषधं, चादरी, रात्रीची जागरणं. धाकटी रविवारी तासभर यायची, आईचे केस विंचरून द्यायची, दोन विनोद करायची आणि जायची. आणि आई सोमवारपासून विचारायची, "आज रविवार का गं?" थोरली म्हणायची, "नाही, सोमवार." मनात काय म्हणायची ते न विचारलेलं बरं.

शनिवारी सकाळी वर्गाबाहेरच्या बाकावर बसवून तिने धाकटीला धडे दिले.

"हे बघ. पहिलं, आपलं मत घरी ठेवून यायचं. तुला विषय पटतो की नाही, याच्याशी पोरांना देणंघेणं नाही. दुसरं, पोरगं दिसतं कसं, अडखळतं का, कपडे कसले, यावर निकाल नाही. काय बोललं त्यावर."

"आणि केस?"

"धाकटे!"

"बरं बरं, पुढे."

"तिसरं नीट ऐक. एकाने मुद्दा मांडला आणि दुसऱ्याने त्याला उत्तरच दिलं नाही, तर त्याने तो मान्य केला असं धरायचं. पण शेवटच्या भाषणात कुणी छाती ठोकून म्हणालं, की माझ्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही, तर लगेच मान डोलवायची नाही. वहीत बघायचं, खरंच मिळालं नाही का. पोरं बिनदिक्कत ठोकून देतात. आणि परीक्षकाने परीक्षकाशी बोलायचं नाही. ज्याचा त्याचा कागद वेगळा."

"एवढं सगळं लिहायचं?"

"शब्द न शब्द."

धाकटीने ताईच्या वहीत डोकावून बघितलं. "मला नाही बाई जमणार ही गांडुळं काढायला," ती म्हणाली आणि खो खो हसली. थोरलीचं शॉर्टहँड ऑफिसातसुद्धा दुसऱ्या कुणाला वाचता यायचं नाही. त्याचा तिला अभिमान होता.

दुपारपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. मधल्या सुट्टीत थोरली चहाचा कप घेऊन जिन्याखाली उभी होती, तर वरच्या पायऱ्यांवर पोरींची कुजबुज.

"तुला कोण आलं?"

"पार्लरवाल्या ताई! काय गोड आहेत. हरले तरी वाईट नाही वाटलं. तुला?"

"कात्रीकाकू."

"अरेरे. किती कापले?"

कात्रीकाकू! नऊ वर्षं शनिवार घातले, प्रत्येक पोराला पानभर कारण लिहून दिलं, कुठला मुद्दा कुठे सुटला ते बोट ठेवून दाखवलं, आणि नाव काय मिळालं, तर कात्रीकाकू. आणि ही एका सकाळीत गोड! पाठीला तेल लावायला हात पुरत नाही म्हणून कुणाला बोलवावं, तर त्याने अख्खी बाटलीच घेऊन जावी, तसली ही तऱ्हा.

वर कडी म्हणजे बाईंनी फळ्यावर अंतिम फेरीचे परीक्षक लिहिले. टायरच्या दुकानवाले काका, थोरली आणि धाकटी.

"अहो, आज पहिलाच दिवस तिचा," थोरली म्हणाली. "मला अंतिम फेरीला बसायला चार वर्षं लागली."

"मुलांना आवडल्यात त्या," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आहातच की शेजारी, सांभाळून घ्या." झालं. चार वर्षांची किंमत एवढीच.

हॉल गच्च भरला होता. तीन खुर्च्या ओळीने, थोरली मधे, धाकटी उजवीकडे. जिंकेल त्याला मोठ्या शहरातल्या स्पर्धेला जायला मिळणार होतं, एकालाच. विषय होता, शहराच्या मध्यवस्तीत गाड्यांना बंदी असावी का. बंदीच्या बाजूने जाड चष्म्याची एक मुलगी. ती बोलताना हातातली चिठ्ठ्यांची गड्डी इतकी घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. विरुद्ध बाजूला नुकता आवाज फुटलेला एक उंच मुलगा. मोठा रुबाबदार, वाक्यागणिक हॉलवर नजर फिरवणारा.

मुलगी बोलायला लागली आणि धाकटीचा चेहरा फुलला. मान डोलावतेय काय, हसतेय काय. मुलीनेही ते हेरलं आणि तिच्याकडे बघूनच बोलायला लागली. थोरली लिहीत होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला सगळं दिसत होतं. मधे मी बसलेय ना गं बाई! मी मधे आहे!

मुलगा उठला. त्याचा हुकमी मुद्दा, की आजारी माणसांनी काय करायचं? दवाखाने सगळे मध्यवस्तीत. म्हाताऱ्या आजीने पायी जायचं का? हॉलमध्ये चुकचुकाट झाला. मुलीने पुढच्या भाषणात उत्तर दिलं, पण घंटा व्हायला आली होती, म्हणून घाईघाईत, एका वाक्यात. रुग्णाच्या गाडीला दवाखान्याच्या चिठ्ठीवर सोडायचं, बंदी बाकीच्यांना. थोरलीची पेन्सिल चालली आणि ते वाक्य वहीत उतरलं.

मग मुलाचं शेवटचं भाषण. त्याने हात पसरले. "आजारी माणसांचं काय, हा माझा प्रश्न होता. माझ्या मैत्रिणीने त्याला उत्तर दिलंच नाही!" टाळ्या पडल्या. मुलगी जागच्या जागी अर्धी उठली, पण तिची पाळी संपली होती. ती खाली बसली.

थोरलीने वहीत बघितलं. उत्तर तिथे होतं. मुलगा ठोकून देत होता. नऊ वर्षांत असे पन्नास प्रसंग तिने पकडले होते, याच कामासाठी तर ती होती. निकाल सरळ होता, मुलीचा.

पण धाकटीही मुलीलाच देणार! मग उद्या काय होणार ते तिला लख्ख दिसलं. पोरं म्हणणार, पार्लरवाल्या ताईंनी बरोब्बर ओळखलं, न लिहिता, न काही. आणि रविवारी जेवताना धाकटी हसून म्हणणार, "ताई, एवढी वही भरलीस आणि माझं नि तुझं उत्तर एकच की गं!" छे. या एका खोलीत तरी नाही. तसंही काका आत्ताच स्वतःशी पुटपुटले, उत्तर ऐकू आलं होतं म्हणून; ते मुलीलाच देतील, धाकटी देईल, मुलगी जिंकेलच. माझं एक मत इकडचं तिकडे झालं तर कुणाचं काय बिघडलं? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच, पण ज्याचं त्याला कळतं थोडंच? तिने मुलाच्या नावापुढे ठळक खूण केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आजारी माणसांच्या मुद्द्याला उत्तर नाही."

कागद गेले. बाईंनी व्यासपीठावरून वाचलं, "दोन विरुद्ध एक. विजयी, विरोधी बाजू!"

मुलगा उडी मारून उठला. थोरलीला वाटलं वाचायला चूक झाली. दोन कसे? काका तर मगाशीच डावीकडून पुटपुटले होते, "मला ऐकू आलं होतं बुवा उत्तर." म्हणजे दुसरं मत... तिने मान वळवली.

"तू मुलाला दिलंस?"

"मग!" धाकटी हळू आवाजात म्हणाली. "मला तर मुलगीच आवडली होती. पण तो म्हणाला उत्तर दिलं नाही, आणि मला काही केल्या आठवेना. दिलं की नाही दिलं? माझा कागद कोरा. मग तू काय करतेस ते बघितलं. तू खूण केलीस, मी केली. तू कधी चुकतेस का?" आणि जरा लाजून म्हणाली, "बोलू नको सांगितलं होतंस. बघू नको नव्हतं सांगितलं. मी तर लहानपणापासून तुझ्याकडेच बघते गं. काही अडलं की, ताईने काय केलं असतं."

जिच्यावर थोरली जन्मभर जळली, ती हे सांगत होती. आणि कधी, तर आता!

तेवढ्यात ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. चष्मा काढून पुसलेला, डोळे लाल.

"काकू, भांडायला नाही आले," ती म्हणाली. "फक्त विचारायचंय. आजारी माणसांचं... मी उत्तर दिलं होतं ना? का मी नुसतं मनात बोलले? तुमच्या कागदावर वाचलं, उत्तर नाही म्हणून. या ताईंनीही मत दिलं नाही. मला आता आठवेचना नक्की."

"अगं, ताईची वही आहे ना," धाकटी मायेने म्हणाली. "तिच्या वहीत नसेल, तर तू बोललीच नाहीस बघ. असं होतं घाईत. ताई, दाखव तिला."

थोरलीने वही उघडली. मुलगी वाकून बघू लागली. तिला त्या रेघांतलं ओ की ठो कळत नव्हतं. धाकटीलाही नाही. हॉलमध्येच काय, साऱ्या शहरात कुणाला नाही. नाही बाळ, तू बोलली नाहीस, एवढं म्हटलं की संपलं. पोरगी घरी जाईल, आपलीच चूक म्हणेल, पुढच्या वेळी उत्तर देताना स्वतःवरच भरवसा ठेवणार नाही. आणि कात्रीकाकू पुढच्या शनिवारी पुन्हा मधल्या खुर्चीत.

थोरलीने त्या ओळीवर बोट ठेवलं. आणि कोर्टात साक्ष वाचून दाखवते तशा कोरड्या आवाजात वाचलं.

"'रुग्णाच्या गाडीला दवाखान्याच्या चिठ्ठीवर सोडायचं, बंदी बाकीच्यांना.' हे तू बोललीस. दुसऱ्या भाषणात, घंटेच्या आधी. मी ऐकलं होतं. लिहिलंही होतं."

मुलीने मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी बोलले होते," ती म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी आली. "मग मी हरले कशाने?"

"माझ्या पोटदुखीने," थोरली म्हणाली. "मला वाटलं ही तुला देणार. हिच्यासारखा निकाल मला द्यायचा नव्हता. म्हणून तिकडे दिला. चल, बाईंकडे जाऊ. त्यांच्यासमोर वाचते हे, आणि हेही सांगते."

"निकाल बदलेल?"

"माहीत नाही गं. मला परत बोलावणार नाहीत, एवढं माहीत आहे."

ती उठली. दोन पावलं गेल्यावर तिने मागे वळून बघितलं. धाकटी अजून खुर्चीतच होती. हातातली पेन्सिल उलटी सुलटी करत ती समोरच्या रिकाम्या व्यासपीठाकडे बघत होती, ताईकडे नाही.